सुताचा नंबर आणि सळीचे वजन

दोरा किती जाड आहे, असे विचारले तर विद्यार्थी पटकन पट्टी काढतात, हुशार विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपर मागतात. पण कॅलिपरच्या जबड्यात सूत धरले की ते चपटे होते. सैल धरावे तर त्याच्या अंगावरची लव मोजमापात येते. सूत म्हणजे काही घट्ट, गुळगुळीत दंडगोल नव्हे. शेकडो तंतू एकमेकांभोवती पिळून झालेली ती एक पोकळसर दोरी असते. मग गिरणीत, हातमागावर किंवा खादी केंद्रात सुताची जाडी ठरवतात तरी कशी?

उत्तर सोपे आहे. जाडी मोजायचीच नाही, ठरावीक लांबीचे वजन करायचे. एकक लांबीच्या वस्तुमानाला रेषीय घनता म्हणतात. सुताच्या व्यवहारात मात्र हे नाव क्वचितच ऐकू येते. तिथे 'नंबर', 'काउंट', 'टेक्स', 'डेनिअर' असे शब्द चालतात. ते एकमेकांत बदलता आले नाहीत, तर शेतकरी, कातणारी आणि विणकर या तिघांच्याही हिशेबात घोळ होतो.

तंतूपासून सुरुवात

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातले गिरड हे गाव बाबा फरीद यांच्या टेकडीसाठी प्रसिद्ध आहे. टेकडीवर सापडणारे गोल, सुपारी-नारळासारखे दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्र त्यांना बेसॉल्टमधील झिओलाइट खनिजाच्या गाठी म्हणते. याच बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत इथला कापूस पिकतो. शेजारच्या हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा देशी कापूस एकोणिसाव्या शतकात नावाजलेला होता. हिंगणघाट व पुलगाव इथे त्या शतकातच कापड गिरण्या उभ्या राहिल्या, त्या या कापसामुळेच.

आज बाजारात कापसाची प्रत ठरवताना तंतूच्या लांबीबरोबर 'मायक्रोनेअर' पाहतात. हमीभावाच्या निकषांतही तो असतो. २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबीच्या तंतूसाठी त्याची मर्यादा ३.५ ते ४.३ आहे. हा आकडा रेषीय घनतेचाच आहे: एक इंच लांबीच्या तंतूचे वजन किती मायक्रोग्रॅम. मायक्रोनेअर ४ असेल, तर

४ मायक्रोग्रॅम ÷ ०.०२५४ मीटर = सुमारे १५७ मायक्रोग्रॅम प्रतिमीटर.

म्हणजे असा एक किलोमीटर लांबीचा तंतू जेमतेम ०.१५७ ग्रॅम भरेल!

एकेका तंतूचे वजन करत कोणी बसत नाही. ठरावीक वजनाचा कापूस एका नळीत दाबून त्यातून हवा सोडतात. तंतू बारीक असतील तर तेवढ्याच वजनात त्यांचे एकूण पृष्ठफळ जास्त, म्हणून हवेला अडथळाही जास्त. या अडथळ्यावरून आकडा मिळतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कमी मायक्रोनेअर म्हणजे नेहमीच चांगला, बारीक कापूस असे नाही. पाण्याचा ताण किंवा रोग यांमुळे बोंड नीट पक्व झाले नाही, तर तंतूची भिंत पातळ राहते आणि आकडा कमी येतो. म्हणूनच निकषाला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे.

सरळ आणि उलट पद्धती

सुताच्या मोजणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत लांबी ठरलेली असते व वजन मोजतात. १००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके 'टेक्स'. ९००० मीटरचे वजन जितके ग्रॅम, तितके 'डेनिअर'. ९००० हा विचित्र आकडा रेशमाच्या जुन्या व्यापारातून आला: ४५० मीटर रेशमाचे वजन ०.०५ ग्रॅमच्या पटीत मोजत, आणि ४५० ÷ ०.०५ = ९०००. या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे सूत जाड.

दुसरी पद्धत उलट आहे. वजन ठरलेले असते व लांबी मोजतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका सुताचा इंग्रजी नंबर. एक किलो सुतात १००० मीटरच्या जितक्या लडी, तितका मेट्रिक नंबर. इथे आकडा मोठा म्हणजे सूत बारीक. म्हणूनच '८० नंबरची साडी' तलम असते.

आता या पद्धती एकमेकींना जोडू. १ नंबरचे सूत घ्या. त्याचे ८४० यार्ड, म्हणजे ७६८.१ मीटर, एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम भरतात. तर १००० मीटरचे वजन ४५३.६ ÷ ०.७६८१ = ५९०.५ ग्रॅम. म्हणून,

टेक्स = ५९०.५ ÷ इंग्रजी नंबर
टेक्स = १००० ÷ मेट्रिक नंबर
डेनिअर = ९ × टेक्स
मेट्रिक नंबर = १.६९ × इंग्रजी नंबर

ही सूत्रे पाठ करण्यापेक्षा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत. ८४० यार्ड आणि एक पौंड एवढे दोन आकडे लक्षात असले की बाकी सारे एककांच्या रूपांतराने मिळते.

गुंडीचा हिशेब

वर्धा परिसरात या गणिताला इतिहास आहे. चरखा संघाच्या काळात खादीचे सूत चार फूट घेराच्या फाळक्यावर उतरवत. फाळक्याचा एक फेरा म्हणजे एक 'तार'. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. ६४० × ४ = २५६० फूट, म्हणजे ८५३⅓ यार्ड. इंग्रजी लडीपेक्षा ही सुमारे दीड टक्का लांब.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्यातली एक अट अशी होती: आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघाले पाहिजे. ही अट आजच्या एककांत मांडून पाहा. १६,००० यार्ड म्हणजे १४.६३ किलोमीटर. २० नंबर म्हणजे २९.५ टेक्स, म्हणून वजन १४.६३ × २९.५ = सुमारे ४३२ ग्रॅम. १२ नंबर असेल तर ४९.२ टेक्स, म्हणजे सुमारे ७२० ग्रॅम. लांबी तीच, पण लागणारा कापूस दीडपटीहून जास्त! अटीत नुसती लांबी किंवा नुसते वजन न देता लांबी आणि नंबर दोन्ही का दिले, ते यावरून कळते.

मजुरीच्या प्रश्नाचे मूळही इथेच आहे. १९३५ च्या सुमारास नालवाडीत विनोबांनी, कातण्याच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, याचा स्वतः कातून प्रयोग केला. कातणाऱ्याला पेळू वजनावर मिळतात, मजुरी गुंडीवर मिळते. हल्ली गुंडी १००० मीटरची धरतात. घट सोडून दिली तर एक किलो पेळूंतून २० मेट्रिक नंबरच्या वीस गुंड्या निघतील आणि ४० नंबरच्या चाळीस. पेळूचे वजन आणि गुंड्यांची संख्या यांना जोडणारा दुवा म्हणजे नंबर. तो चुकला तर सुताची चोरी झाल्याचा आळ कातणाऱ्यावर येऊ शकतो किंवा तिची मजुरी बुडू शकते.

विणकराचेही तेच. '२० नंबर' असे नुसते लिहिले आणि कोणता नंबर ते सांगितले नाही, तर काय होईल? इंग्रजी २० म्हणजे २९.५ टेक्स, मेट्रिक २० म्हणजे ५० टेक्स. तेवढ्याच धाग्यांचे कापड जवळजवळ ७० टक्के जड होईल.

सरासरीचा सापळा

१० नंबरची एक गुंडी आणि ३० नंबरची एक गुंडी. सरासरी नंबर किती? बहुतेक जण २० म्हणतात. टेक्समध्ये करून पाहा: ५९ आणि १९.७, सरासरी ३९.४ टेक्स, म्हणजे १५ नंबर! लांबी समान असेल तेव्हा वजनांची बेरीज होते, नंबरांची नाही.

दोन धागे एकत्र पिळले तरी हाच नियम. २० व ३० नंबरचे धागे एकत्र केले तर १/२० + १/३० = १/१२, म्हणजे १२ नंबर (पिळामुळे लांबी किंचित आखडते, ती सोडून). हे समीकरण ओळखीचे वाटले ना? समांतर जोडणीतल्या विद्युतरोधांचे हेच सूत्र. टेक्स मात्र एकसर जोडणीसारखे सरळ मिळवायचे. भौतिकशास्त्राचा तास आणि सुताचा तास इथे एकत्र येतात.

आणखी एक बाब. ८० नंबरचे सूत २० नंबरच्या चौपट बारीक नसते. वजन चौथाई झाले, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ चौथाई झाले. व्यास निम्माच झाला.

आता तंतू आणि सूत जोडू. २९.५ टेक्सच्या सुतात ०.१५७ टेक्सचे तंतू किती? २९.५ ÷ ०.१५७ = सुमारे १८८. सुताच्या छेदात पन्नास-साठ तरी तंतू नसतील, तर ते नीट कातले जात नाही. ६० तंतू धरले तर ९.४ टेक्स, म्हणजे सुमारे ६३ नंबर. या कापसापासून त्याहून फार बारीक सूत काढता येणार नाही. सुताच्या बारीकपणाची हद्द अशी शेतातच ठरते.

घराच्या स्लॅबमधले टेक्स

हीच कल्पना बांधकामावरही कामी येते. सळईवर कंगोरे असल्याने तिचा व्यास कॅलिपरने नीट मोजता येत नाही. मिस्त्री 'व्यासाचा वर्ग भागिले १६२' हे सूत्र वापरतात: मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग ÷ १६२ = किलोग्रॅम प्रतिमीटर. हा १६२ आला कुठून? पोलादाची घनता ७८५० किलोग्रॅम प्रतिघनमीटर. छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या π/४ पट. मिलिमीटरचे मीटर करून गुणाकार केला की व्यासाच्या वर्गाचा गुणक ०.००६१६५ येतो, आणि तो म्हणजेच १/१६२.

१२ मिलिमीटरची सळई १४४ ÷ १६२ = ०.८८९ किलो प्रतिमीटर भरली पाहिजे. भारतीय मानकानुसार या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालते. एक मीटरचा तुकडा ८०० ग्रॅमच भरला, तर सळई सांगितलेल्यापेक्षा बारीक आहे. घर बांधणाऱ्या कोणालाही एका साध्या तराजूवर ही परीक्षा करता येते. ही सळई टेक्समध्ये सांगायची तर ८,८९,००० टेक्स! रुळांचेही तसेच. जुना ९० पौंडी रूळ म्हणजे ९० पौंड प्रतियार्ड, म्हणजे ४४.६ किलो प्रतिमीटर. आजच्या ६० किलोच्या रुळाचे नावही त्याच्या रेषीय घनतेवरूनच पडले आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

चार फूट (१२१.९ सेंटिमीटर) घेराची चौकट बनवा. तिच्यावर सुताचे ८२ फेरे घ्या. हे जवळजवळ १०० मीटर होतात. लडी उतरवून प्रयोगशाळेतल्या तराजूवर वजन करा. ग्रॅममधील वजनाला १० ने गुणले की टेक्स मिळेल. २० नंबरचे सूत २.९५ ग्रॅम भरेल. शिवणाचा दोरा, पतंगाचा साधा दोरा, समईची वात, सुतळी यांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्या.

तोच प्रयोग एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये करा. कापूस हवेतली आर्द्रता शोषतो. ६५ टक्के आर्द्रतेला, कोरड्या कापसाच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून व्यापारी हिशेब करतात. उन्हाळ्यात तेच सूत हलके भरते, म्हणून त्याचा नंबर वाढल्यासारखा दिसतो. सूत बदललेले नसते, बदललेली असते हवा.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हाच दोरा मेल्डेच्या प्रयोगात वापरावा. १ टेक्स म्हणजे एक मिलिग्रॅम प्रतिमीटर. २९.५ टेक्सच्या दोऱ्याला १० ग्रॅम वजनाचा ताण दिला, तर तरंगाचा वेग सुमारे ५८ मीटर प्रतिसेकंद यायला हवा. तराजूने काढलेली रेषीय घनता आणि कंपनाने काढलेली रेषीय घनता जुळते का, हे त्यांनाच ताडून पाहू द्या. जुळली नाही, तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: तुम्ही लिहिलेला आकडा कोणत्या एककात आहे?