बोटाने घासलं की शेडिंग होतं?

मुलांना शेडिंग शिकवायचं म्हणजे मऊ पेन्सिल द्यायची, आकाराच्या कडा काळ्या करून घ्यायच्या आणि बोटाने घासून सगळं गुळगुळीत करायचं, अशी समजूत बऱ्याच घरांत पक्की आहे. मात्र खिडकीपाशी टेबलावर ठेवलेला साधा रबरी चेंडू नीट पाहिला तरी ती टिकत नाही. प्रकाशाच्या विरुद्ध बाजूची कड सर्वांत गडद नसते. सर्वांत गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो, कारण टेबलावरून परतलेला उजेड कडेला उजळवतो. पांढऱ्या वस्तूला शेडिंग लागत नाही, हाही असाच समज. जबलपूरच्या कांचघर भागातल्या मुलांना त्यासाठी भेडाघाट पुरेसा आहे. तिथला पांढरा संगमरवर सावलीत असला, तर उन्हातल्या करड्या दगडापेक्षाही काळपट दिसू शकतो. मुलाला ‘संगमरवर पांढरा’ हे पाठ असतं, म्हणून तो कागद कोरा सोडतो. शिकवायचं आहे ते इथे, आणि बोट नेमकं इथेच आड येतं. घासल्यावर उजेड-सावलीतल्या सीमा पुसल्या जातात, त्या कुठे होत्या हे पाहायची गरजच उरत नाही. शिवाय बोटाच्या तेलकटपणाने ग्राफाइट कागदात बसतं आणि खोडरबरानेही धड निघत नाही.

लहान मुलांना हे झेपणार नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. दहा छटा त्यांना झेपत नाहीत, तीन झेपतात: कोरा कागद, मधली, गडद. मात्र खोलीतली ट्यूबलाइट बंद हवी, नाहीतर दोन सावल्या पडून मूल गोंधळतं. पेन्सिलींचा संच नसला तरी अडत नाही. ग्राफाइटमध्ये चिकणमाती जितकी जास्त तितकी पेन्सिल कठीण, हे गणित फ्रेंच संशोधक कॉन्तेने 1795 मध्ये बसवलं. त्यामुळे जास्त चिकणमातीची एचबी 6बीइतकी काळी उमटणार नाही, पण तीन छटांना एचबी आणि 4बी भरपूर झाल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: हे सगळं युरोपचं, आपलं चित्र रेषेचं. पण विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायेचे, म्हणजे वर्तनेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. पानांच्या शिरांसारख्या रेघांची पत्रज आणि ठिपक्यांची बिंदुज त्यांतल्याच. अजिंठ्याच्या चित्रांतही गोलाई अशी छायेने आणलेली दिसते. तिथे खिडकीसारखा एका दिशेचा प्रकाश बहुधा नसतो, कड गडद करूनच उठाव येतो. म्हणजे कड काळी करणं चूक नाही, ती वेगळी रीत आहे. चेंडू समोर ठेवून ती वापरली की घोटाळा होतो. रेघा आणि ठिपके मात्र दोन्हीकडे चालतात, आणि त्यांत बोटाला कामच नाही.