‘लूज’ म्हणजे नुसता ढिला नव्हे

आज एकाच शब्दावर बोलू या. शब्द किरकोळ आहे, रोज आपल्या तोंडात असतो, पण त्यानं माझ्या एका विद्यार्थिनीची चांगलीच पंचाईत केली असती. परदेशात शिकायला निघालेल्या मैत्रिणीसाठी ती शिफारसपत्र लिहीत होती. मैत्रीण सगळ्यांशी मोकळेपणानं वागते, हे तिला सांगायचं होतं. शब्दकोशात ‘मोकळा’पुढे ‘लूज’ सापडलं आणि तिनं लिहून टाकलं, ‘शी इज व्हेरी लूज विथ एव्हरीवन’. आता इंग्रजी वाचणाऱ्याला याचा अर्थ काय लागणार? या मुलीच्या वागण्याला काही धरबंध नाही! पत्र जायच्या आधी माझ्याकडे आलं म्हणून बरं. तिथे ‘फ्रँक’ किंवा ‘फ्रेंडली’ हवं होतं.

चूक शब्दकोशाची नाही. सैल, ढिला, सुटा, मोकळा, सगळे अर्थ बरोबरच आहेत. पण ते कुठून आले ते बघा. हा शब्द इंग्रजीत आला जुन्या नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून. तिथे ‘लाउस’ म्हणजे सुटलेला, बंधन नसलेला. ‘होमलेस’, ‘कॅशलेस’ यांतला ‘लेस’ याच कुळातला, जुन्या इंग्रजीतला भाऊबंद. त्याचा ‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’शी संबंध नाही. तुमच्यापैकी जर्मन शिकणाऱ्यांना ‘आरबाइट्सलोस’, म्हणजे बेकार, हा शब्द माहीत असेल. त्यातला ‘लोस’ही तोच.

तेव्हा हा शब्द दिसला की आधी विचारायचं, कशापासून सुटलंय? स्क्रू आट्यांतून सुटला, तो ढिला. चहा पुडक्यातून सुटला, तो सुटा चहा. ‘लूज चेंज’ म्हणजे तर आपले सुटे पैसेच. इंग्लंडमध्ये घोड्याच्या तबेल्यात ‘लूज बॉक्स’ असतो. त्यात ढिलं काहीच नसतं. घोडा आत न बांधता ठेवतात, एवढंच.

आपण मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द वापरतो. सदरा सैल, केस मोकळे, कुत्रा मोकाट, भाषांतर स्वैर. त्यात आपण निवाडाही करून टाकतो. मोकळा म्हणजे चांगला, मोकाट म्हणजे वाईट. इंग्रजी एकाच शब्दावर भागवते आणि निवाडा शेजारच्या शब्दावर सोडते. कपडे ‘लूज’ असले तर आराम, बोलणं ‘लूज’ असलं तर बेजबाबदारपणा. आणि माणसाच्या वागणुकीला, त्यातही बाईच्या, हा शब्द लावला की ती जवळजवळ शिवीच होते. पुरुषाला तो या अर्थानं फारसा लावत नाहीत. भाषेनं केलेला हा पक्षपात आहे, पण तो माहीत असलेला बरा.

क्रिकेटमधला ‘लूज बॉल’ घ्या. बॉल काही सैल नसतो, तो गोलंदाजाच्या ताब्यातून सुटलेला असतो. ‘लूज कॅनन’ही तसंच. लाकडी जहाजावर तोफ दोरखंडांनी जखडलेली असे. दोर तुटला की प्रत्येक लाटेबरोबर ती डेकवर इकडून तिकडे धावे आणि आपल्याच माणसांना चिरडे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८७४ सालच्या ‘नाइन्टी-थ्री’ कादंबरीत असा प्रसंग आहे. ज्याच्या हलगर्जीपणानं तोफ सुटते तोच तिला आवरतो. त्याला शौर्याबद्दल पदक मिळतं आणि हलगर्जीबद्दल मृत्युदंडही! असो, विषयांतर झालं.

उच्चाराचं सांगायचं राहिलं. आपण ‘लूज’ म्हणतो, गाजरातला ज. पण तो उच्चार खरं तर एकच ओ असलेल्या, ‘हरवणं’ अर्थाच्या शब्दाचा आहे. सैल अर्थाचा, दोन ओ असलेला शब्द म्हणजे ‘लूस’. आपण दोन्हींचा उच्चार सारखाच करतो, म्हणून नोकरीच्या अर्जात संधी ‘हरवायची’ नसते तिथे एक ओ जास्त पडतो. हे दोन शब्दही एकमेकांचे नातेवाईक आहेत, त्यामुळे घोटाळा अगदीच अकारण नाही. पण मुलाखत घेणारा नातं बघत नाही, स्पेलिंग बघतो. (हशा)

मागून प्रश्न आलाय, ‘अनलूस’ म्हणजे घट्ट करणं का? नाही. तिथला ‘अन’ उलट अर्थाचा नाही, नुसता जोर देणारा आहे. ‘अनलूस’ म्हणजेही सोडणंच. घट्ट करायला ‘टाइटन’.