सगळं बियाणं एकाच कणगीत?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांच्या वडिलांना टेपरेकॉर्डरचा भारी नाद. दिवाळीनंतरच्या मंडईत, रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात, गावच्या दंडारीत ते टेप मांडीवर घेऊन बसायचे. अशा ८० कॅसेट जमल्या. मुलाने खपून त्या संगणकावर उतरवल्या आणि आता विचारलंय: ‘सगळं ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये बसलं. तो लोखंडी कपाटात ठेवलाय. आता कॅसेट टाकून दिल्या तर चालेल ना?’

नाही चालणार. आधी कॅसेट परत फळीवर ठेवा, मग पुढचं वाचा.

जागेचा हिशेब त्यांचा बरोबर आहे. सीडीच्या दर्जाने उतरवलं तर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, शिवाय डावा-उजवा मिळून दुप्पट. तासाला ६३५ एमबी होतात, म्हणजे तासातासाच्या ८० कॅसेटना साधारण ५१ जीबी. चूक आहे ती ‘एका’ या शब्दात.

मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही हौशी संग्राहकांची संस्था सुरू झाली. तिचं काम वर्षानुवर्षं नेटाने चालवणारे सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधक. पदरमोड करून जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या या मंडळींना आजही बालगंधर्व सापडतात, कारण तबकडी साच्यातून निघायची आणि तिच्या प्रती घरोघर जायच्या. शंभर फुटल्या तरी एखादी कुणाच्या तरी माळ्यावर उरते. तुमच्या वडिलांनी भरलेल्या दंडारीचं तसं नाही. तिची जगात एकच प्रत आहे. बाजारमूल्य शून्य, आणि म्हणूनच ती बालगंधर्वांच्या तबकडीपेक्षा दुर्मीळ.

आता पेन ड्राइव्हच्या पोटात डोकावू. तिथे माहिती साठते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपात. ऑक्साइडच्या भिंतींनी चहूबाजूंनी बंद केलेल्या अतिसूक्ष्म कोठड्या असतात आणि कोणत्या कोठडीत किती विद्युतभार आहे यावरून बिट वाचले जातात. हल्ली एकाच कोठडीत तीन बिट कोंबतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. रांजणात पाणी ‘आहे की नाही’ हे सांगणं सोपं. ते आठ खुणांपैकी नेमक्या कोणत्या खुणेवर आहे हे सांगायचं, तर थोडी झिरपही महागात पडते. आणि विद्युतभार झिरपतोच. उष्णतेत तर जास्त वेगाने. मे महिन्यात आपल्याकडे लोखंडी कपाटाला हात लावून पाहा, म्हणजे काळजी का करायची ते कळेल. चोरापासून राखायला ते कपाट उत्तम, इलेक्ट्रॉनांना त्याच्या कुलपाचं काय?

ही फ्लॅश मेमरी शोधणारे फुजिओ मासुओका यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? १९८० च्या दशकात तोशिबात काम करताना त्यांनी ती घडवली. आज प्रत्येक मोबाइलमध्ये त्यांचा शोध आहे. मालकांनी मात्र त्याची कदर केली नाही. मासुओका २००४ मध्ये कोर्टात गेले आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

असाच एक उपेक्षित संशोधक आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात होऊन गेला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. निवडत, पेरत, पुन्हा निवडत त्यांनी वाण तयार केलं. त्या काळी ज्याच्या त्याच्या मनगटावर असलेल्या घड्याळावरून त्याचं नाव पडलं ‘एचएमटी’. श्रेय उशिरा मिळालं, तेही तुटपुंजं. २०१८ मध्ये दादाजी गेले. पण त्यांचं वाण टिकलं ते कुलपात ठेवल्यामुळे नव्हे. ते एका शेतातून दुसऱ्या शेतात गेलं, दर पावसाळ्यात नव्याने रुजलं.

गाण्यांच्या फायलींचंही नेमकं हेच. कुठलंही साधन कायमचं टिकत नाही, टिकते ती पुन्हा पुन्हा पेरण्याची सवय. धानाची सगळी बिजाई एकाच कणगीत ठेवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. संगणकाच्या दुनियेत याच शहाणपणाला ‘३-२-१’ म्हणतात: प्रती तीन, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. हा नियम या नावाने रूढ केला पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने. संगणकशास्त्रज्ञाने नव्हे, हे मला फार आवडतं. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं!

पण नुसत्या प्रती काढून भागत नाही, त्या ताडून पाहाव्या लागतात. गोंदियाच्या राइस मिलवर ट्रक भरला की चिठ्ठीवर पोती किती, वजन किती ते लिहितात. माल उतरवणारा आधी चिठ्ठी मागतो. आकडे जुळले तर माल पोचला. मात्र एक पोतं काढून तेवढ्याच वजनाचं हलक्या तांदळाचं पोतं घातलं, तर चिठ्ठी काहीच सांगत नाही. संगणकाची चिठ्ठी याहून चोख असते. तिला ‘हॅश’ म्हणतात. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, तिची ६४ चिन्हांची एक खूण निघते. तासाभराच्या ध्वनिमुद्रणात पाचशे कोटींहून जास्त बिट असतात. त्यातला एक बिट बदलला की सगळी खूणच पालटते. पोत्यातला एक दाणा बदलल्याचं सांगणारी चिठ्ठी! ती काढायची साधनं फुकट मिळतात. आज सगळ्या फायलींच्या खुणा लिहून ठेवा आणि वर्षाने पुन्हा काढून ताडा. जी जुळणार नाही ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून घ्या.

‘मग सगळं क्लाउडवरच टाकलं तर?’ टाका, पण तिसरी प्रत म्हणून. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातला संगणक. ‘मायस्पेस’ या एकेकाळच्या बड्या संकेतस्थळावर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते कबूल केलं. पाच कोटींहून अधिक गाणी होती. शिवाय मोबाइलशी जोडलेला क्लाउड तुमच्या चुकाही इमानाने उतरवून घेतो. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते.

बातम्यांत अधूनमधून हजार वर्षं टिकणाऱ्या साठवणुकीचे डंके वाजतात. २०१७ मध्ये माँत्रो जाझ महोत्सवातली दोन गाणी डीएनएच्या रेणूत साठवून पुन्हा जशीच्या तशी वाजवली. विज्ञान म्हणून थक्क करणारं, यात वाद नाही. पण ते आपल्या गावच्या दुकानात येईपर्यंत पेन ड्राइव्ह थांबणार नाही.

तेव्हा पत्रलेखक मित्रा, एक बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि मूळ फायली न आकसवता तिच्यावर ठेवा. पेन ड्राइव्ह आहेच. तिसरी प्रत नागपूरच्या भाच्याकडे किंवा क्लाउडवर जाऊ द्या. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि गाणाऱ्याचं नाव लिहा, नाहीतर पन्नास वर्षांनी आवाज असेल पण ओळख नसेल. दर चार-पाच वर्षांनी सगळं नव्या साधनावर हलवा.

आणि कॅसेट? कोरड्या, गार जागी, टीव्ही-स्पीकरच्या चुंबकांपासून लांब, उभ्या ठेवा. उद्या एखादी फाइल सदोष निघाली, तर पुन्हा पेरायला मूळ बियाणं तेवढंच आहे.