आयसेव्हन, चार जीबी, पाचशे वॅट!

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की थोड्याच वेळात लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला आलेला माणूस अजून जुनंच नाव घेतो. इथल्या काउंटरवर एक जोडी हमखास दिसते. बारावीची परीक्षा नुकती संपलेला मुलगा, आणि मागे खिशावर हात ठेवून उभे असलेले वडील. मुलाच्या मोबाइलमध्ये भागांची यादी; वडिलांच्या डोक्यात एकच आकडा, पन्नास हजार. पलीकडून आवाज येतो, ‘‘अंकल, आयसेव्हन है, सोलह जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, पाँच सौ वॉट. फुल सेट पच्चीस में!’’

यातला एकही आकडा खोटा असेल असं नाही. गोम तिथेच आहे.

इतक्या स्वस्तातला आयसेव्हन बहुधा ३७७० सारखा, २०१२ च्या सुमाराचा, एखाद्या ऑफिसातून मोडीत निघालेला असतो. त्याला चार कोअर. २०२२ मध्ये आलेल्या आयथ्री १२१००एफलाही चारच. पण नावानं धाकटा असलेला हा भिडू थोरल्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ३७७० नाही. ‘चार जीबी ग्राफिक्स’ म्हणजे अनेकदा जीटी ७३०, २०१४ चं कार्ड. मेमरी चार जीबी खरी, पण संथ. गोदाम मोठं आणि माल वाहायला हातगाडी एकच, अशी त्याची गत.

मग पन्नास हजारांत काय बसतं? आधी पडदा ठरवावा. साध्या फुल एचडी पडद्यावर खेळायचं असेल, तर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड ही जोडी अजून दमदार आहे. सहा कोअरचा ५६०० एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला. त्याचा एएम४ सॉकेट जुना, म्हणून मदरबोर्ड स्वस्त आणि पुष्कळ. एक मात्र पाहावं. बरेच दिवस दुकानात पडून राहिलेला बी४५० बोर्ड बायोस, म्हणजे त्याच्यातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केल्याशिवाय ५६०० ला ओळखत नाही. ते काम दुकानातच करून घ्यावं, घरी नेऊन कपाळाला हात लावण्यापेक्षा.

या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर तिथेही नाही. ‘कार्ड दिवाळीला घेऊ’ म्हणणाऱ्यांना तोवर काळा पडदा बघत बसावं लागतं. त्यांनी ग्राफिक्स आतच असलेला ५६००जी घ्यावा. बजेटचा मोठा लचका, साधारण चाळीस टक्के, ग्राफिक्स कार्ड तोडतं आणि ते योग्यच आहे. गेम प्रामुख्यानं त्याच्याच जिवावर चालतो.

आता तो पाचशे वॅटचा डबा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस. यादीत तो नेहमी शेवटी येतो आणि पैसे कमी पडले की कात्री पहिली त्याच्यावरच. आरएक्स ६६०० ला लागतात १३२ वॅट, प्रोसेसरला पाऊणशेच्या आसपास; बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. मग पाचशे पुरेसे नाहीत का? डबा हातात घ्यावा, उलटा करावा आणि स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच ओढतात. तिथे १८ अँपिअर लिहिलेले असतील, तर बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. वर ठळक अक्षरांत पाचशे आणि कामाचे फक्त दोनशे सोळा! चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या डब्यावर याच रकान्यात ३६-३७ अँपिअर दिसतात. ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा शिक्का आणि कार्डासाठी आठ पिनांची वायर आहे ना, तेही तपासावं. त्यासाठी दीड-दोन हजार जास्त गेले तर जाऊ द्यावेत. रंगीबेरंगी आरजीबी पंखे वगळले की ते वसूल होतात. दिव्यांनी गेमचा वेग वाढल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

रॅमनं मात्र हिशेबच फिरवला आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत अशा मशीनमध्ये रॅम ही चिल्लर होती. वर्ष संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की भाव कडाडले. डिसेंबरमध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं आपला ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. अशा वेळी सेकंडहँड डीडीआर४ घेण्यात काही गैर नाही. रॅम सहसा झिजत नाही. काउंटरवर मेमटेस्ट चालवून घेतली की झालं. सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात; दोन वाटांनी डेटा जातो आणि गेममध्ये फरक दिसतो. घरी आल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नये. नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा त्याहूनही कमी वेगानं चालते आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. मॉनिटरची वायरही मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावायची. ही चूक हसण्यासारखी वाटते, पण भलेभले करतात.

एसएसडी पाचशे जीबीची, पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल. बेरीज होते. वडील नोटा मोजायला घेतात आणि मध्येच थांबून विचारतात, ‘‘आणि टीव्ही? म्हणजे तो पडदा रे, तो यात कुठे आहे?’’

मुलगा यादी पुन्हा वरून खाली चाळतो. मॉनिटर नाही, कीबोर्ड-माउस नाही, विंडोजचं लायसन्सही नाही. शेवटी एक स्वस्तातला कीबोर्ड-माउस आणि एक एचडीएमआय वायर तेवढी वाढते. पुढचे काही महिने हॉलमधल्या टीव्हीवर, गेम मोड लावून, आणि आजीची मालिका संपल्यावर.