कोजागरीची कावड आणि चार दिवसांची सुट्टी

आश्विन शुद्ध दशमीला सीमोल्लंघन होते, सोने लुटले जाते, आणि तेथून कोजागरी पौर्णिमा अवघी पाच दिवसांवर उरते. महाविद्यालयांची दिवाळीची मोठी सुट्टी अद्याप पुढे असते. तरीही नाशिकला वा पुण्याला शिकणारी कळवणची मुले दसऱ्याला जोडून दोन-चार दिवस पदरात पाडून घेतात व घरी येतात. सामान टेकते न टेकते तोच मित्र दारात हजर होतात. “काकू, आम्ही कोजागरीला कावड घेऊन गडावर निघालो आहोत. याला पाठवा!” वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात तत्काळ शंका येते, की ही देवीची ओढ म्हणावी की मित्रांसमवेतची मौज?

आपण जिला ‘वणीची देवी’ म्हणतो, त्या सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात आहे. वणी हे गाव मात्र दिंडोरी तालुक्यातील. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. कड्यात कोरलेली अष्टादशभुजा जगदंबा समोरच्या मार्कंडेय पर्वताकडे मान किंचित कलती करून उभी आहे. मार्कंडेय ऋषींचे स्तवन ती ऐकत आहे, अशी भाविकांची श्रद्धा. शेंदराचे जाड लेप २०२२ साली उतरवण्यात आले, तेव्हा मूर्तीचे मूळ रूप भक्तांना पाहावयास मिळाले.

कोजागरीला या गडावर कावडींची रीघ लागते. कोणी ओंकारेश्वराहून नर्मदेचे, कोणी त्र्यंबकेश्वराहून गोदावरीचे, तर कोणी खानदेशातून तापीचे जल खांद्यावर वाहून आणतो. या जलांनी देवीला अभिषेक होतो. तृतीयपंथी भाविकांचा मोठा मेळाही याच पौर्णिमेला गडावर भरतो. आईच्या दारी कोणी परका नाही, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही.

चार दिवसांच्या सुट्टीत ओंकारेश्वर गाठणे कळवणच्या विद्यार्थ्याला कोठून जमणार? पण त्याच्या उशाशी गिरणा आहे. सप्तशृंग ज्या सातमाळा रांगेत उभा आहे, ती रांग दोन खोऱ्यांमधील दुभाजक आहे. उत्तरेच्या उतारावरील पाऊस गिरणेला मिळतो, गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी पश्चिम समुद्राला. दक्षिणेचे पाणी कादवेतून गोदावरीत जाऊन पूर्व समुद्र गाठते. दोन दिशांना दुरावलेल्या नद्यांचे जल कावडींच्या रूपाने कोजागरीला पुन्हा देवीच्या चरणी एकत्र येते. दूरदूरच्या गावी शिकावयास गेलेल्या बालमित्रांचेही याहून वेगळे काय असते?

आता मौजेविषयी. कावड एकदा खांद्यावर घेतली, की मुक्कामी पोहोचेपर्यंत ती जमिनीवर टेकवावयाची नाही, अशी परंपरा आहे. एकट्याने हे साधत नाही. एकाचा खांदा भरून आला, की दुसऱ्याने न सांगता पुढे व्हावे लागते. जोराने चालणाऱ्याला थकलेल्यासाठी पाऊल आवरावे लागते, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून चेष्टामस्करीलाही आपोआप मर्यादा पडते. नांदुरीचा घाट चढून जाईपर्यंत कोण कसा आहे, हे प्रत्येकाला उमगलेले असते. वर्षभर एका बाकावर बसूनही जे कळत नाही, ते या वाटेवर कळते. म्हणून मैत्रीचा आनंद आणि देवीची सेवा यांत येथे विरोध उरत नाही. एकीवाचून दुसरी घडतच नाही.

गडाच्या सुमारे पाचशे पायऱ्यांना २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉलीची जोड मिळाली आहे. आजी-आजोबांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. तरुण पायांनी मात्र पायऱ्याच चढाव्यात.

पाठवणी करताना घरच्यांनी दोन गोष्टी निक्षून सांगाव्यात. रात्री वाहनांच्या रस्त्याने चालताना कडेने, एका ओळीत आणि हाती दिवा घेऊन चालावे. तसेच गडावर प्लास्टिकचा एकही तुकडा मागे ठेवू नये. कारण त्या डोंगराचेच पाणी पुढे आपल्या नदीला येते.

कोजागरीच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागे आहे, असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा. घरच्या गच्चीवर आटीव दुधाचा पेला हाती घेऊन केलेले जागरण गोडच असते. परंतु मित्राचा खांदा दुखतो आहे हे ओळखून जो पुढे सरसावतो, तोही त्या रात्री खऱ्या अर्थाने जागा असतो. अशा लेकराला आईने औक्षण करून, हाती दशम्यांची शिदोरी देऊन, निःशंक मनाने पाठवावे. जगदंबा पाठीशी आहेच.