ट्रकच्या केबिनमध्ये हवा किती गार यावी?

भीमजयंतीची मिरवणूक आटोपली की हिंगणघाटचे ऊन धड घरात बसू देत नाही नि बाहेरही पडू देत नाही. पण ज्यांच्या घरचा कर्ता माणूस ट्रकवर आहे, त्यांना ऊन पाहून कसे चालेल? नागपूर-हैदराबाद महामार्ग, पूर्वीचा ७ नंबरचा आणि आताचा ४४ नंबरचा, आपल्या गावावरूनच जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, जुन्या गाडीत बाजूलाच इंजिनचे बोनेट तापलेले असते आणि ड्रायव्हर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कापसाच्या गाठी पोचवतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये नियम काढला. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे. चांगले झाले, उशिरा झाले. पण हा नियम नव्या गाड्यांचा. जुन्या गाडीला मालकाने मागाहून एसी बसवलाच, तर लवकरच तक्रार ऐकू येते, "हवा येते, गारवा येत नाही."

मग गारवा मोजायचा कसा? ताप पाहायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो इतके कमी तापमान दाखवतच नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्यावा. गाडी सावलीत लावून, काचा बंद करून, आतलीच हवा फिरवण्याचा खटका दाबावा. इंजिन थोडे रेस ठेवावे आणि दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर धरावा. बाहेर २५ अंश असताना जाळीतून साधारण ५ ते १० अंशांची हवा यावी. बाहेर ४५ अंश असताना १५ ते २० अंश आली, तरी यंत्र आपले काम करते आहे असे समजावे. शून्याच्या जवळ हवा कधी येत नाही, येऊही नये. कूलिंग कॉइलवर बर्फ धरला की हवेची वाटच बंद होते. गाडी नुसती उभी असताना गारवा कमी पडतो, तोही बिघाड नव्हे.

यापेक्षा गरम हवा आली तर गॅस भरायला धावू नये. आपल्या गावात पहिला संशय रुईवर घ्यावा. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कंडेन्सरवर कापसाचे तंतू नि धूळ मिळून गोधडीच बसते. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, हलक्या धारेने ती धुवावी. गॅस खरेच कमी असेल तर तो कुठून तरी गळतो आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पैसे हवेत. जास्त भरला तरी गारवा घटतोच.

त्याआधी बोनेटवर उष्णता अडवणारी चादर, दरवाजांना रबर नि फटी बुजवणे, हे स्वस्तातले काम करून घ्यावे. गरम फटीतून आत येणारे ऊन कुठलाही एसी पुरा पाडू शकत नाही.

आणि घरच्यांनी एवढे जरूर सांगावे: बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला तो कळतही नाही. विसावा घ्यायचाच तर गाडी मोकळ्या जागी, झाडाच्या सावलीत लावून इंजिन बंद करावे नि दोन्ही काचा उघड्या ठेवाव्यात.