घाम, पाणी आणि मीठ

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात धावणारे मला हटकून विचारतात, "डॉक्टर, पाणी नेमके किती प्यावे?" मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, नुसता निथळतो, अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम गाळते. तेव्हा पाणी हवेच.

पण 'जितके जास्त तितके चांगले' हा समज घातक आहे. घामाबरोबर मीठही जाते. त्यात नुसते पाणी भराभर ढोसले, तर रक्तातील सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, भ्रम, झटके आणि क्वचित मृत्यूही! २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. धावून वजन वाढलेल्यांना धोका अधिक होता. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना म्हणूनच माझा सल्ला असतो, की आधी व नंतर वजन करा. किलोभर घटले तर सुमारे लिटरभर पाणी गेले. वाढले तर पिणे अती झाले.

तहानेप्रमाणे घोटघोट प्या. तासाभराच्या व्यायामाला साधे पाणी पुरते, रंगीत बाटल्या कशाला? दीर्घ धावेनंतर मीठ घातलेले लिंबूसरबत किंवा ताक चालेल. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. धावणारा असंबद्ध बोलू लागला, तर त्याला पाणी पाजत बसू नका. अंग तापले असेल तर ते भिजवा, वारा घाला आणि तातडीने रुग्णालय गाठा.